थालीपिठाच्या वाटेने

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी मी सकाळी साडेसातला ओट्यापाशी उभा राहिलो आणि दहा वाजता एक सँडविच घेऊन स्वयंपाकघराबाहेर आलो. मधल्या अडीच तासांत एक तवा करपला, किसणीने अंगठ्याचे सालटे काढले आणि सिंकमध्ये सात वाट्या जमल्या. पण ताटलीत जे होते ते, निदान माझ्या नजरेला, सँडविचच होते. तांबूस कडांचे दोन चौकोनी थर, मधून डोकावणारी काकडी, टोमॅटोची लाल किनार, हिरव्या चटणीचा एक ओघळ आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दिलेला तिरका छेद. ब्रेड मात्र त्यात कणभरही नव्हता. त्यातला एक त्रिकोण मी आईपुढे ठेवला. आई आता ८१ वर्षांची आहे. नवा पदार्थ ती आधी वासाने तपासते, मग कवळीला झेपेल एवढा तुकडा मोडते आणि तो पुरता संपेपर्यंत काही बोलत नाही. तो तुकडा संपला, दुसराही संपला, आणि मग ती म्हणाली, "धिरडं छान झालंय रे. पण एवढा वेळ कशाला लागला?"

सगळे हसले. मीही हसलो. पण दुपारी आडवा झालो तेव्हा ते वाक्य पुन्हा आठवले आणि झोप उडाली. तिने नावे ठेवली नव्हती, उलट कौतुकच केले होते. तरीही माझ्या अडीच तासांच्या धडपडीला तिने एका शब्दात घरी आणून बसवले होते. त्याला सँडविच म्हणावे असा हट्ट मला का होता, हे मलाच नीट सांगता येत नव्हते.

या हट्टाची सुरुवात झाली ती ऑफिसच्या वार्षिक तपासणीतल्या एका आकड्यापासून. एचबीएवनसी ६.२ आले. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, हे आता आमच्या वयाच्या कोणालाही पाठ असते. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांना किती साखर चिकटली यावर हा आकडा ठरतो. त्यामुळे तपासणीच्या आदल्या आठवड्यात पाळलेला संयम तिथे वटत नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी विचारले, दुपारी काय खाता? मी म्हणालो, घरचा डबा. हे खरे होते, आणि निम्मेच खरे होते. संध्याकाळी पाचला ऑफिसखालच्या गल्लीत काय खातो, हे त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. पुढे घरी येऊन मी स्वतःच हिशेब मांडला. सँडविचच्या मोठ्या ब्रेडचे दोन काप म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके, उकडलेल्या बटाट्याच्या चकत्यांची आणखी दहाएक, बिटाची थोडी. चहाबरोबर सहज म्हणून खाल्लेल्या त्या वस्तूत ४० ते ४५ ग्रॅम. आठवड्यातून पाच वेळा, आणि अशी २२ वर्षे.

त्या सँडविचवाल्याचे हात मी २२ वर्षे पाहत आलो आहे. फोर्टमधल्या त्या गल्लीत, एका बंद दुकानाच्या पायरीशेजारी, त्याचे स्टँड उभे असते. तो ब्रेडच्या दोन्ही कापांना आधी लोणी लावतो, पार कडेपर्यंत, आणि मगच चटणी. हा क्रम मी कधीही चुकलेला पाहिला नाही. मग बटाटा हातातल्या हातात, अंगठ्याच्या पोटावर सुरी टेकवून, इतक्या पातळ चकत्यांत कापतो की सुरीची सावली पलीकडून दिसावी. त्यावर काकडी, बीट, टोमॅटो, कांदा. प्रत्येक थरावर चिमटीने मसाला. टोस्ट हवे असेल तर ते सगळे लांब दांड्याच्या ॲल्युमिनियमच्या टोस्टरमध्ये जाते, कडांचा बाहेर आलेला भाग तो सुरीने खरवडून काढतो, आणि शेवटी वर पुन्हा लोणी. रिपोर्ट आल्यानंतरच्या सोमवारी मी त्याला म्हणालो, ब्रेड सोडून बाकी सगळे दे. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले. कागदी ताटलीत काकडी, टोमॅटो, बीट, कांदा रचला, मसाला टाकला, बाजूला चटणीचा एक चमचा ठेवला आणि म्हणाला, "साब, ये तो सलाड हो गया." निम्मेच पैसे घेतले. दोन्ही हातांनी धरून खायची सवय असलेला माणूस रस्त्याच्या कडेला टूथपिकने काकडी टोचत उभा राहिला की कसा दिसतो, हे मला त्या दिवशी कळले.

एकाच्या मते ते सलाड, दुसरीच्या मते धिरडे. सँडविच म्हणायला कोणीच तयार नव्हते.

आईच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. तिच्या लेखी ब्रेड हा कधी घरातला पदार्थ नव्हताच. डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत ब्रेड यायचा तो दोनच कारणांनी, प्रवासासाठी किंवा तापासाठी. कोणाला ताप भरला की डॉक्टर बाटलीत लाल औषध द्यायचे, बाटलीला कागदी पट्टी चिकटवलेली असायची, आणि खायला काय द्यायचे हे विचारले की ठरलेले उत्तर मिळायचे, दूध-ब्रेड द्या. बाबा संध्याकाळी स्टेशनवरून मॉडर्नचा ब्रेड घेऊन यायचे. १९६५ साली सरकारने काढलेली ती कंपनी २००० साली सरकारनेच विकून टाकली. मला मात्र तिचे आठवते ते फक्त मेणकागदाचे वेष्टन. ते उलगडताना होणारा आवाज, आत अडकलेला किंचित आंबूस, उबदार वास, आणि दुधात बुडताक्षणी विरघळणारा तो काप. बशीच्या तळाशी राहिलेल्या साखरेचा शेवटचा चमचा. धाकटी बहीण त्या ब्रेडसाठी कपाळाला हात लावून बघायची, आपलेही अंग गरम लागते का ते. ताप उतरला की ब्रेड बंद, पुन्हा आमटी-भात. ब्रेड म्हणजे लाड, आणि लाड आजारपणातच व्हायचे.

म्हणून रिपोर्टची बातमी घरात सांगितली तेव्हा आई गोंधळली. साखर वाढली हे तिला समजले, भात कमी करायचा हेही समजले. पण ब्रेड बंद, हे काही केल्या तिच्या गळी उतरेना. "आजारी माणसाला ब्रेड देतात," ती म्हणाली, "तुझा काढून घेतला?"

मग माझे प्रयोग सुरू झाले. मोबाईलवर शोधले की ब्रेडला पर्याय म्हणून पहिल्यांदा पानेच सुचवली जातात, तेव्हा मी कोबीच्या पानापासून आरंभ केला. कोबीचे पान कच्चे ठेवले तर मोडते आणि वाफवले तर आजारी दिसते. दोन्ही रूपांत त्यातून चटणी मनगटापर्यंत आली. त्यानंतर पनीरचे जाड काप तव्यावर भाजून त्यांच्यामध्ये भाज्या भरल्या. पनीर धरायला भक्कम होते आणि १०० ग्रॅममध्ये जेमतेम दोन-तीन ग्रॅम कर्बोदके, त्यामुळे हिशेबही सुरेख जमला. पण टोमॅटोचे पाणी ते पीत नाही, आणि तिसऱ्या घासानंतर आपण नुसते पनीर खात आहोत ही जाणीव दातांना होते. भरताच्या वांग्याचे काप करून पाहिले. वांग्याचे काप मला जिवापाड आवडतात, मात्र रव्याशिवाय आणि थोड्या तेलात भाजल्यावर ते पाच मिनिटांत मऊ पडले आणि सँडविचचा डोलारा ताटलीत बसला. मूगडाळीचे धिरडे हा सर्वात सोपा मार्ग होता आणि पोळीऐवजी धिरडे खाणाऱ्या साऱ्या मित्रांनी तोच सुचवला होता. पण डाळ म्हणजे प्रथिने एवढेच आपण लक्षात ठेवतो. कोरड्या मूगडाळीत १०० ग्रॅममागे ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात आणि बेसनात त्याहून किंचितच कमी. दोन भरगच्च धिरडी घातली की आपण ब्रेडच्या अंगणात परत येतो, फक्त मागच्या दाराने. डाळीची साखर रक्तात सावकाश चढते, हा तिचा मोठा गुण. तरी आकडा तो आकडाच.

या अपयशांत एक गोष्ट मात्र घडली. सँडविचमध्ये ब्रेड नेमके काय करतो, हे मला पहिल्यांदाच दिसू लागले. तो धरायला मूठ देतो, एवढे उघड आहे. पण तो आतले पाणी शोषतोही, आणि नको तितके शोषू नये म्हणून आधी लोण्याचा थर हवा. सँडविचवाल्याचा न चुकणारा क्रम म्हणजे गच्चीला लावलेले वॉटरप्रूफिंग होते तर. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, ब्रेड गप्प बसतो. त्याला स्वतःची चव जवळजवळ नसते. चटणी, काळे मीठ, बिटाचा मातकट गोडवा, हे सगळे बोलत असताना तो मध्ये तोंड घालत नाही. बेसन मात्र बोलते. मूगही बोलतो. त्यांच्यात कितीही चटणी घाला, पहिला शब्द त्यांचाच असतो, आणि म्हणूनच आईला पहिल्या घासात धिरडे ओळखू आले.

गप्प बसणारे असे काहीतरी शोधताना मला आठवण झाली ती बाबांच्या इसबगोलाची. रात्री झोपण्यापूर्वी पेल्यात पाणी, त्यात दोन चमचे भुसा, आणि चमचा जोराने ढवळून ते एका दमात घेणे. उशीर केला तर पेल्यात खळ तयार होते. लहानपणी ती खळ पाहून मला शिसारी यायची. गुजरातेत सिद्धपूर-उंझ्याकडे पिकणाऱ्या त्या रोपाच्या बीचे हे फोलपट पाणी धरून फुगते आणि त्याची लवचीक गिलगिलीत गाठ होते. गव्हाच्या पिठाला ताण देणारे जे ग्लुटेन असते, त्याची उसनी जागा हा भुसा काही प्रमाणात भरून काढतो. पहिल्या उत्साहात मी जवसाची पूड आणि इसबगोल एवढ्यावरच ब्रेड भाजला. जवसात कर्बोदके दिसतात ती बहुतेक सगळी चोथ्याच्या रूपात, त्यामुळे कागदावर हा पदार्थ निर्दोष होता. ताटलीत तो करडा होता, आणि चप्पलच्या तळव्यासारखा वाकत होता. मुलीने तो वाकवून दाखवला आणि सोडला, तर तो पुन्हा सरळ झाला.

रविवारी जे जमले ते या सगळ्यांच्या तडजोडीतून. १०० ग्रॅम पनीर हाताने मळून अगदी मऊ केले, त्यात तीन चमचे बेसन, दीड चमचा भाजलेल्या जवसाची बारीक पूड, एक चमचा इसबगोल, मीठ, दोन चमचे दही आणि अगदी शेवटी सोड्याची चिमूट. हळद मुद्दाम टाळली, रंगाने चुगली करू नये म्हणून. पाण्याचा हबका मारून ते झाकून ठेवले. दहा मिनिटे थांबणे हाच यातला खरा स्वयंपाक आहे. आधी उचलाल तर ते पीठ बोटांना चिकटते, आणि दहा मिनिटांनी त्याच भांड्यात कणकेसारखा गोळा सापडतो. लाटणे त्याला चालत नाही, कडा फाटतात. तेव्हा ओले फडके पसरून त्यावर गोळा थापला, फडके उचलून तव्यावर उलटे केले आणि हळूच सोडवून घेतले. पहिला थर तव्यालाच राहिला, तो करपला. दुसरा सुटला. मंद आचेवर दोन्ही बाजूंनी ठिपके येईपर्यंत भाजून, निवाल्यावर सुरीने चारही कडा कापून चौकोन केले. पनीरमुळे बेसनाचा आवाज बराच बसला होता. पूर्ण नाही, हे पुढे आईने सांगितलेच.

चटणीत एक मेख आहे. रस्त्यावरच्या चटणीला दाटपणा येतो तो पुष्कळदा तिच्यात वाटलेल्या ब्रेडच्या कडांमुळे नाहीतर डाळ्यांमुळे. मी मूठभर कोथिंबीर, थोडा पुदिना, मिरच्या, आले आणि लिंबू यांबरोबर भाजलेले शेंगदाणे वाटले. चटणी घट्ट झाली, आणि थोडी आपल्या घरची झाली. बटाटा वगळला, त्याच्या जागी ढोबळी मिरचीच्या चकत्या किंचित परतून घातल्या. बीट मात्र तीन चकत्या ठेवले, कारण बिटाशिवाय कापलेल्या सँडविचला तो गुलाबी डाग पडत नाही. मसाला भाजलेले जिरे, बडीशेप, मिरी, थोडी दालचिनी, काळे मीठ आणि आमचूर यांचा. बहिणीने कधीतरी दिलेला हातातला टोस्टर माळ्यावरून काढला, आतून लोणी लावले आणि गॅसच्या ज्योतीवर धरला. दांडा गरम होऊ लागतो, साच्याच्या फटीतून आधी पाण्याचा चुरचुर आवाज येतो आणि तो थांबला की भाजलेल्या लोण्याचा वास येतो. त्या वासाला ब्रेड असण्या-नसण्याशी काही कर्तव्य नसते. डोळे मिटून मी फोर्टच्या गल्लीत उभा होतो.

"आणि लोण्याचं काय?" बायकोने मागून विचारले. तिचा मुद्दा बरोबर होता. १०० ग्रॅम पनीरमध्ये २० ग्रॅम स्निग्धांश, त्यावर हे लोणी; कर्बोदके कमी म्हणजे पदार्थ हलका, असे मुळीच नाही. माझ्या बेरजेने संपूर्ण सँडविचमध्ये कर्बोदके २० ग्रॅमच्या आसपास भरली, म्हणजे गल्लीतल्या निम्म्याच्या जवळ. खाल्ल्यावर दोन तासांनी सुईने बोट टोचले तर रक्तातल्या साखरेचा आकडा १२८ होता. या आकड्याचा आनंद झाला, आणि चोपन्नाव्या वर्षी माणसाला कशाकशाचा आनंद होऊ लागतो याची थोडी लाजही वाटली.

राहता राहिला तो नावाचा प्रश्न. बदली सामान घालून पदार्थाचे मूळ नाव कायम ठेवणे हे आपल्या घरांना नवीन नाही. एकादशीला आमच्याकडे अख्खे स्वयंपाकघर बदली सामानावर चालते. वऱ्याच्या तांदळाला कोणी खोटा भात म्हणत नाही, राजगिऱ्याच्या पुरीला पुरीच म्हणतात, साबुदाण्याचे थालीपीठ हे थालीपीठच असते. (कर्बोदके मोजणाऱ्याने मात्र त्या दिवशी घराबाहेर पडावे हे उत्तम, कोरडा साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो, आणि सोबतीला बटाटा.) मग माझ्या सँडविचलाच ही सवलत का नाही? खूप विचार केल्यावर मला वाटते ते असे, की वऱ्याचा भात घरचा होता आणि घरच्याच्या जागी आला. सँडविच बाहेरचे होते. मला भूक लागायची ती सँडविचची होतीच कुठे? दिवसभर आकडे लिहून झाल्यावर, पाच वाजता, कोणाचाही मुलगा, नवरा, बाप किंवा साहेब नसताना, पंधरा मिनिटे गल्लीत उभे राहण्याची ती भूक होती. आणि मी ती वस्तू घरी, ओट्यावर, ओले फडके घेऊन थापत होतो. घरात थापलेली कोणतीही गोष्ट शेवटी थालीपिठाच्या वाटेनेच जाणार.

गल्लीत मी अजून जातो. कधी नुसता चहा घेतो, कधी तो न विचारता कागदी ताटली भरतो. "सलाड?" असे म्हणताना त्याच्या आवाजात आता सवयीशिवाय काही नसते.

परवाच्या रविवारी पीठ झाकून ठेवून मी चटणी वाटायला घेतली. मिक्सर बंद करून मागे वळलो तर आई ओट्यापाशी खुर्ची ओढून बसली होती आणि फडक्यावर गोळा थापत होती. माझ्याहून पातळ, माझ्याहून एकसारखा, बोटे पाण्यात बुडवून कडेने गोल फिरवीत. चौकोन वगैरे तिच्या गणतीत नव्हते. थापून झाले, तशी तिची तर्जनी आपसूक मधोमध गेली आणि एक भोक पडले. मग त्याच्याभोवती आणखी चार. "आई, हे सँडविच आहे, भोकं नको," मी म्हणालो. "मग तेल कुठून सोडशील?" तिने विचारले, आणि दुसरा गोळा घेतला.

त्या भोकांमुळे थर आतपर्यंत भाजला गेला आणि तव्याला चिकटला नाही, हे कबूल करायला हवे. खायला मात्र ते सँडविच फार अवघड झाले. दोन्ही हातांनी धरून चावले की पाचही भोकांतून चटणी बाहेर येते, कोपरापर्यंत ओघळते आणि मध्येच उठून हात धुवावे लागतात. आईने तिचे चमच्याने खाल्ले.